गर्भपात : उशीर नेमका कोण करतं?

भवानीनगरहून बारामतीला किंवा इंदापूरला कॉलेजला जाणाऱ्यांनो, एक काम करा. उद्या एसटीत मोबाइल खिशात ठेवा आणि खिडकीतून दिसणाऱ्या भिंती वाचत जा. खतांच्या जाहिराती, क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स. आणि मध्येच कुठंतरी, दवाखान्याच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, लेक वाचवा असं सांगणारी पाटी. सोनोग्राफी सेंटरमध्ये तर गर्भलिंग तपासणी होत नाही, असा फलक लावणं कायद्यानंच सक्तीचं आहे.

आता कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न टाका : आपल्या देशात गर्भपात कायदेशीर आहे का? बघा किती जण छातीठोकपणे 'नाही' म्हणतात. त्यांना दोष देऊ नका. लहानपणापासून भिंतीवर आपण जे वाचत आलो, त्यातून दुसरं काय डोक्यात बसणार? 'स्त्रीभ्रूणहत्या' या शब्दातला 'स्त्री' हळूहळू गळून जातो आणि 'भ्रूणहत्या' तेवढी लक्षात राहते.

वादविवाद स्पर्धेत हा विषय निघाला, की त्याचं नाव ठरलेलं असतं : 'गर्भपात : हक्क की हत्या?' एक बाजू म्हणते, जीव तो जीव. दुसरी म्हणते, शरीर तिचं, निर्णय तिचा. टाळ्या दोन्हीकडं पडतात, ट्रॉफी एकाला मिळते आणि सगळे चहा प्यायला जातात. आज तुम्हाला एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. तो स्पर्धेत कधी येत नाही, पण कोर्टात, दवाखान्यात आणि हॉस्टेलच्या खोलीत खरा प्रश्न तोच असतो. तो म्हणजे, उशीर का होतो आणि तो कोण करतं?

आधी कायदा समजून घेऊ

गर्भपाताचा कायदा संसदेनं 1971 मध्ये केला. त्याआधी बेकायदा गर्भपातात बायका मरत होत्या, कायमच्या जायबंदी होत होत्या. या प्रश्नाचा विचार करायला केंद्र सरकारनं 1964 मध्ये जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल 1966 मध्ये आला आणि त्यातून पुढं हा कायदा आला. अमेरिकेतला गाजलेला 'रो विरुद्ध वेड' निकाल लागला 1973 मध्ये. म्हणजे आपला कायदा त्याच्याही आधीचा.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मागितला आणि मिळाला, असा हक्क हा कायदा देत नाही. मुळात गर्भपात घडवणं हा आपल्याकडं गुन्हाच आहे. आधी तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 मध्ये आहे, आणि त्यात स्वतःचा गर्भपात स्वतः घडवणारी बाईसुद्धा येते. 1971 चा कायदा हा त्या गुन्ह्याला केलेला अपवाद आहे. ठरावीक कारणांसाठी, नोंदणीकृत डॉक्टरनं, मान्यताप्राप्त ठिकाणी केला, तर तो गुन्हा नाही.

2021 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आज 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि तेही ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठीच. 24 आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल आणि मेडिकल बोर्डानं तसं सांगितलं, तरच परवानगी. बाईचा जीवच धोक्यात असेल, तर मात्र आठवड्यांची अट नाही. याच दुरुस्तीत आणखी एक शब्द बदलला. गर्भनिरोधक फसल्यामुळं दिवस राहिले, हे कारण आधी फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांना मिळत होतं. आता तिथं 'कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार' असं आहे.

आणि ही ओळ तर पाठच करा : मुलगी 18 वर्षांची असेल, तर फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, वडिलांची नाही, सासूची तर नाहीच. तिचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे.

तीन वर्षं, तीन निकाल

2022 ते 2024 या तीन वर्षांत सर्वोच्च न्यायालयापुढं तीन प्रकरणं आली. बातम्या तुम्ही स्क्रोल करताना बघितल्या असतील. तिन्ही शेजारी ठेवली, की चित्र वेगळं दिसतं.

पहिली, 25 वर्षांची अविवाहित मुलगी. नातं तुटलं, जोडीदारानं लग्नाला नकार दिला. दिवस 24 आठवड्यांकडं चालले होते. दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, तू नियमातल्या कुठल्याच गटात बसत नाहीस. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2022 मध्ये तिला परवानगी दिली आणि 29 सप्टेंबरला सविस्तर निकाल दिला. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. बोपण्णा आणि न्या. पारडीवाला यांचं खंडपीठ. 20 ते 24 आठवड्यांच्या गटात विवाहित आणि अविवाहित असा भेद करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्यानं केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच धरली जाईल, हेही त्याच निकालात आहे.

दुसरी, 27 वर्षांची विवाहित, दोन मुलांची आई. धाकटं अंगावर पीत होतं, पाळी सुरूच झालेली नव्हती, त्यामुळं दिवस गेल्याचं फार उशिरा कळलं. आधीच्या बाळंतपणानंतर जडलेल्या मानसिक आजाराची औषधं चालू होती. 9 ऑक्टोबर 2023 ला परवानगी मिळाली. लगेच दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी विचारलं, गर्भ बाहेर जगू शकेल अशा अवस्थेत आहे, आम्ही काय करायचं? दोन न्यायाधीशांची मतं फुटली. 16 ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. तोवर 26 आठवडे उलटून गेले होते.

तिसरी आपल्या महाराष्ट्रातली. 14 वर्षांची मुलगी, लैंगिक अत्याचारातून राहिलेले दिवस. घरच्यांना कळलं तेव्हाच बराच उशीर झाला होता. उच्च न्यायालयानं नाही म्हटलं. 22 एप्रिल 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या सायन रुग्णालयात गर्भपाताला परवानगी दिली. तेव्हा साधारण 30 वा आठवडा होता. आठवडाभरात आई-वडिलांचं मन बदललं, मुलीच्या जिवाची भीती वाटली आणि 29 एप्रिलला न्यायालयानं आपला आदेश मागं घेतला. निकालात मात्र स्पष्ट लिहिलं, की पोटात गर्भ आहे तिची संमती सर्वांत महत्त्वाची, आणि ती अल्पवयीन असली तरी तिचं स्वतःचं मत विचारात घ्यावंच लागेल.

तीन बायका, तीन वेगळी उत्तरं. पण तिन्ही ठिकाणी जो पेच पडला, तो आठवड्यांमुळं. याच तिघी आठव्या आठवड्यात डॉक्टरकडं पोहोचल्या असत्या, तर सर्वोच्च न्यायालयाचं दार वाजवायची वेळ कुणावर आली असती?

पोटातला जीव आणि आपल्या रीती

आता अवघड भागाकडं येऊ. गर्भ म्हणजे काय? नुसता पेशींचा गोळा की माणूस? काही जण मनापासून मानतात, की गर्भ राहिला त्या क्षणापासून तो माणूस आहे. ही श्रद्धा हसण्यावारी नेऊ नका. दुसरीकडं काही जण म्हणतात, की जन्माआधी प्रश्न फक्त बाईचा. तेही उगाच म्हणत नाहीत. बाळंतपणात जिवाची बाजी ती लावते, शिक्षण तिचं सुटतं, गाव बोट तिच्याकडं दाखवतं.

पण आपल्या घरांत आजवर आपण कसं वागत आलो, तेही बघा. पहिले तीन महिने बातमी बाहेर सांगत नाहीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात, गल्लीला बोलावतात. जन्मानंतर बाराव्या दिवशी बारसं, तेव्हा नाव. सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गेला, तर घर हळहळतं. आठव्या महिन्यात गेला, तर घर कोसळतं. म्हणजे पोटातल्या जिवाशी आपलं नातं आठवड्यागणिक घट्ट होत जातं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. कायद्यातले 20 आणि 24 हे आकडे तरी दुसरं काय सांगतात? साधारण 24 आठवड्यांच्या पुढं बाळ, मोठ्या इस्पितळातल्या उपचारांवर का होईना, आईबाहेर जगण्याची शक्यता वाढते. म्हणून त्या टप्प्यावर न्यायाधीशांचाही हात अडखळतो.

याचा अर्थ, नवव्या आठवड्यातला गर्भपात आणि एकोणतिसाव्या आठवड्यातला गर्भपात नैतिकदृष्ट्या सारखा नाही. ज्याला पोटातल्या जिवाची काळजी आहे त्यालाही हे पटेल आणि ज्याला बाईच्या जिवाची काळजी आहे त्यालाही, कारण उशीर झाला की तिच्या शरीराचा धोकाही वाढतो. स्पर्धेत समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्ही बाजू निदान एका गोष्टीवर एकत्र येऊ शकतात : जे व्हायचं ते लवकर आणि सुरक्षित व्हावं.

मग ते होत का नाही?

आठवड्यांचा हिशोब

समजा, तुमच्याच वर्गातली एक मुलगी आहे. एकोणीस वर्षांची. नाव नको द्यायला, कारण नाव दिलं की तुम्ही तिला शोधायला लागाल. बघा, पहिला अडथळा इथंच आला!

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी दोन आठवडे लांबली हे तिच्या लक्षात येतं, तेव्हाच सहावा आठवडा चालू झालेला असतो. टेस्ट किट घ्यायचं, तर गावातला मेडिकलवाला वडिलांचा मित्र. बारामतीला जाऊन घ्यावं, तर तिथंही स्टँडवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच. किट हातात पडेपर्यंत सातवा आठवडा. दोन रेषा. ती त्याला फोन करते. तो आधी 'बघू' म्हणतो, मग 'नक्की माझंच का?' म्हणतो, मग फोन उचलत नाही. आठवा आठवडा.

गर्भपाताच्या गोळ्या नियमानुसार 9 आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या सल्ल्यानं घेता येतात. हे तिला माहीत नाही. ती यूट्यूबवरचे घरगुती उपाय करत बसते. त्यात दोन आठवडे जातात आणि अशक्तपणा येतो. मग सेमिस्टर परीक्षा. चौदाव्या आठवड्यात एक मैत्रीण तिला एका दवाखान्यात नेते. तिथं सांगतात, नवऱ्याला घेऊन ये, नाहीतर आई-वडिलांना. कायद्यात हे कुठंच नाही, पण तिला ते कोण सांगणार? ती परत येते. अठराव्या आठवड्यात आईच्या लक्षात येतं. पुढचे पंधरा दिवस घरात मार, रडणं, अबोला, 'लोक काय म्हणतील'. मग मामा, मग मामाच्या ओळखीचे डॉक्टर. एकविसावा आठवडा.

आता करा हिशोब. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत पंधरा आठवडे गेले. त्यातला तिनं स्वतः विचार करण्यात घालवलेला वेळ किती? फार तर एक-दोन आठवडे. बाकीचे कुणी घेतले? मेडिकलवाल्याच्या नजरेनं, त्याच्या बंद फोननं, चुकीच्या माहितीनं, दवाखान्यातल्या सहीनं, घरातल्या अब्रूनं. आणि एवढं झाल्यावर हेच सगळे तिला विचारतात, 'इतके दिवस काय करत होतीस?'

ही मुलगी काल्पनिक आहे. पण गर्भपात करणाऱ्यांतल्या बहुतेक जणी दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, हे खरं आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार 2015 मध्ये भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. यातल्या कितीतरी जणींना गोळी कशी घ्यायची, रक्तस्राव किती झाला की दवाखाना गाठायचा, हे सांगायला समोर डॉक्टर नव्हता.

'हत्या' हा शब्द कुठं लागू होतो?

इथं तुमच्यातला कुणीतरी हात वर करेल : मग मुलगी आहे म्हणून गर्भपात केला, तर तोही तिचा निर्णयच की! त्याला विरोध कसा करायचा?

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना 1980 च्या दशकातच पडला होता. 1986 मध्ये मुंबईत गर्भलिंग चाचणीविरोधी मंच उभा राहिला. त्यांनी विचारपूर्वक एक गोष्ट केली. गर्भपातावर बंदी मागितली नाही, चाचणीवर मागितली. 1988 मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा 1994 चा. आजही तो कायदा लिंग तपासणाऱ्याला आणि ती करायला लावणाऱ्याला शिक्षा देतो. तपासणी झालेल्या बाईवर नवऱ्यानं नाहीतर नातेवाइकांनी दबाव आणला असणार, असंच तो गृहीत धरतो.

फरक कशात आहे? आपल्या वर्गातल्या मुलीला त्या वेळी मूलच नको आहे. लिंग तपासून गर्भ पाडणाऱ्या घराला मूल हवंच आहे, फक्त मुलगी नको आहे. तिथं नकार मुलगी म्हणून जन्माला येण्याला आहे. आणि आठवड्यांचा हिशोब इथंही लावा. सोनोग्राफीत लिंग कळायला साधारण तीन महिने तरी जावे लागतात. म्हणजे तिथं लोक मुद्दाम थांबतात. बाईला आधी गर्भ वाढवायला लावतात, मग तपासतात, मग पाडायला लावतात.

परिणाम आपण भोगतोय. 2001 च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 807. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये एका विवाहितेचा गर्भपात करताना मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले. गर्भपात करणारा होमिओपॅथीचा डॉक्टर होता.

राग येणं बरोबरच आहे. पण तो राग कुठं वळला ते बघा. 2011 चे आकडे आल्यावर राज्यात औषध दुकानांवर कारवाया झाल्या, गर्भपाताच्या गोळ्यांची विक्री डोळ्यांत तेल घालून तपासली जाऊ लागली आणि कटकट नको म्हणून अनेक दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडलं. आता विचार करा. ज्या गोळ्या 9 आठवड्यांपर्यंतच वापरायच्या, त्यांनी मुलगी ओळखून गर्भ कसा पाडणार? त्या वेळी मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीतही कळत नाही. चोर एका गल्लीत आणि नाकाबंदी दुसऱ्या गल्लीत, असं हे झालं. लवकर होणारा गर्भपात अवघड झाला आणि म्हैसाळसारखी दुकानं उशिराचे गर्भपात करतच राहिली. म्हणूनच या क्षेत्रात काम करणारे आता 'स्त्रीभ्रूणहत्या' न म्हणता 'गर्भलिंगनिवड' म्हणा, असा आग्रह धरतात. शब्द नीट वापरला, की नेम नीट लागतो.

कोपीतली बाई आणि तिची निवड

आता जरा भवानीनगरच्या आपल्या शिवारात या. छत्रपती कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रानाच्या कडेला कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फेडायची. कामाचा एक दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पहाटे तोडायला लागायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाळी असो, दिवस गेलेले असोत.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्य हादरलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82 हजारांहून जास्त बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कागदावर त्या सगळ्यांचीही 'संमती' असणार.

कोपीतल्या एखाद्या बाईला हंगामात दिवस गेले आणि तिनं गर्भ पाडायचं ठरवलं, तर तो तिचा मोकळा निर्णय म्हणायचा का? की उचल आणि खाडा यांनी मिळून घेतलेला? उलट तिला तो नको असेल आणि दवाखाना लांब, हातात पैसा नाही, मजुरी बुडवायची सोय नाही म्हणून तो वाढवावा लागला, तर त्याला मातृत्व म्हणून हार घालायचा का?

'तिचा निर्णय' म्हणणाऱ्यांनाही हे उत्तर द्यावं लागेल. निर्णय तिचा असायचा, तर तिच्यापुढं दोन्ही दारं उघडी हवीत. नको असेल तर लवकर, सुरक्षित, अपमान न होता थांबवता यावं. हवं असेल तर मजुरी न बुडता, उपाशी न राहता, शिक्षण न सोडता वाढवता यावं. एकच दार उघडं ठेवायचं आणि तिनं ते निवडलं म्हणायचं, ही चलाखी झाली.

पुण्यातली एक जुनी पाटी

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे, असं कुणी म्हणालं, तर त्याला पुण्याचा इतिहास सांगा. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी ब्राह्मण विधवांना पुन्हा लग्न करायला बंदी. दिवस गेले, की समोर तीनच वाटा : गुपचूप गर्भपात, विहीर, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा. अशाच एका विधवेला काळ्या पाण्याची शिक्षा झालेली जोतीरावांनी पाहिली होती. त्यांनी तिला उपदेश केला नाही, घराचं दार उघडलं. पुण्यात जाहिरात लावली आणि विधवांना कळवलं, की इथं येऊन गुप्तपणे सुखरूप बाळंत व्हा, मूल घेऊन जायचं की इथं ठेवायचं हे तुमच्या मर्जीवर. 1874 मध्ये तिथं आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढं डॉक्टर झालेला यशवंत.

1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी बाईच्या जातीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे चिडल्या आणि 1882 मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता : या गुन्ह्यात पुरुष कुठं आहे? जवळपास दीडशे वर्षं झाली. आपल्या गोष्टीतला तो मुलगा अजून फोन उचलत नाहीये.

फुल्यांनी गर्भपाताचा पुरस्कार केला असं मी म्हणत नाही. त्यांना बाळही वाचवायचं होतं आणि बाईही. पण त्यांना एक कळलं होतं. बाईला घाबरवून बाळ वाचत नाही. तिची भीती गेली तरच दोघांचं भलं होतं.

मग तुम्ही काय करायचं?

गर्भपात योग्य की अयोग्य, याचं तुमचं उत्तर तुमच्यापाशी ठेवा. ते माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. अमेरिकेनं 2022 मध्ये हा हक्क काढून घेतला, फ्रान्सनं 2024 मध्ये तो राज्यघटनेत लिहिला. त्यांची भांडणं रील्सवर बघून आपल्याकडं जशीच्या तशी आणू नका. आपला पेच वेगळा आहे. आपल्याकडं कायदा आहे आणि तो आहे हेच लोकांना माहीत नाही.

मुलांनो, आधी तुमच्याशी. कंडोम वापरणं ही तुमची जबाबदारी आहे. आणि तरीही तिचा फोन आला, तर उचला. दवाखान्यात सोबत जा, बिल भरा, पण निर्णय तिचा तिला घेऊ द्या. 'पाड' म्हणून मागं लागणं आणि 'पाडू नको' म्हणून धमकावणं, दोन्ही सारखंच.

मुलींनो, पाळी चुकली तर वाट बघत बसू नका. टेस्ट करा. नोंदणीकृत स्त्रीरोगतज्ज्ञाकडं नाहीतर सरकारी रुग्णालयात जा. 18 पूर्ण असाल, तर सही तुमचीच लागते, हे तिथं शांतपणे सांगा. 18 च्या आत असाल, तर पालकांची संमती लागते आणि पोलिसांना कळवावंही लागतं. पण मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही, हे 2022 च्या त्याच निकालात आहे. स्वतःच्या मनानं गोळ्या आणि घरगुती उपाय मात्र नकोत.

आणि मैत्रिणीनं, बहिणीनं, अगदी न पटणाऱ्या कुणी तुमच्याकडं येऊन हे सांगितलं, तर 'असं कसं झालं?' हा प्रश्न नंतरसाठी ठेवा. आधी विचारा, 'किती आठवडे झाले?' मग बॅग उचला आणि तिच्यासोबत निघा. तिचे पुढचे दहा आठवडे कदाचित तेवढ्यानंच वाचतील.

कॉलेजच्या भिंतीवर यंदा पोस्टर स्पर्धा असेलच. लेक वाचवा हे पोस्टर जरूर लावा. त्याच्या शेजारी आणखी एक लावता आलं तर बघा, फुल्यांनी पुण्यात लावलं होतं तसं. जी घाबरलेली आहे, तिच्याशी बोलणारं.